एक्झाफ्लॉप महासंगणक आले, तरी पृथ्वीचे एक किलोमीटरचे डिजिटल ट्विन रोज का चालत नाही?

प्रश्न असा आहे: सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडी करणारे, म्हणजे एक्झाफ्लॉप क्षमतेचे महासंगणक २०२२ पासून जाहीरपणे कार्यरत आहेत. मग संपूर्ण पृथ्वीचे हवामान एक किलोमीटरच्या बारकाव्याने दाखवणारे डिजिटल ट्विन आज रोजच्या रोज का चालत नाही? आणखी वेगवान यंत्रे किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता आली की ही अडचण आपोआप दूर होईल का?

हवामानाच्या मॉडेलांचे कोड महासंगणकांवर चालवण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. थोडक्यात सांगायचे तर आकडेमोडीचा निव्वळ वेग ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. आकडे वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचवणे ही खरी अडचण आहे: मेमरीतून प्रोसेसरकडे, एका नोडकडून (महासंगणकातील एका स्वतंत्र संगणकाकडून) दुसऱ्या नोडकडे, निरीक्षणांतून मॉडेलकडे आणि मॉडेलमधून ते वापरणाऱ्या माणसाकडे. शिवाय काळ हा एका पायरीमागून एक असाच पुढे सरकतो. उद्याची गणना आजच्या गणनेआधी करता येत नाही. या दोन गोष्टी नीट लक्षात आल्या की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी शब्दाविषयी. मॉडेल आणि डिजिटल ट्विन या दोन शब्दांत फरक आहे आणि तो केवळ नावाचा नाही. मॉडेल म्हणजे वातावरण, समुद्र, जमीन आणि बर्फ यांच्या भौतिक नियमांची समीकरणे सोडवणारा कोड. त्याला प्रत्यक्ष निरीक्षणांची सतत जोड मिळते, वापरणारा त्याला ‘असे झाले तर काय होईल’ असे विचारू शकतो आणि उत्तर निर्णयाच्या वेळेआधी हाती येते, तेव्हा त्याला ट्विन म्हणणे योग्य ठरते. युरोपीय आयोगाच्या ‘डेस्टिनेशन अर्थ’ या उपक्रमाची पहिली यंत्रणा १० जून २०२४ रोजी फिनलंडमधील कयानी येथे, लुमी महासंगणकाच्या केंद्रात, सुरू झाली. तिच्यात दोन ट्विन आहेत. एक टोकाच्या हवामान घटनांसाठी असून त्याची जागतिक जाळी, म्हणजे गणनेसाठी पृथ्वीचे पाडलेले चौकोन, सुमारे ४.४ किलोमीटरची आहे. दुसरे हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या नियोजनासाठी असून ते सुमारे ५ ते १० किलोमीटरच्या जाळीवर अनेक दशकांचे भाकीत करते. म्हणजे या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाकांक्षी सार्वजनिक यंत्रणाही नियमित कामासाठी अजून एक किलोमीटरवर आलेली नाही. हे अपयश नाही. कोणत्या बारकाव्यावर कोणता वेग परवडतो, याचा तो प्रामाणिक हिशेब आहे.

एक किलोमीटरचा हट्ट तरी कशासाठी, असे कोणी विचारेल. तापलेली दमट हवा वर चढते, तिचे ढग होतात आणि त्यातून उष्णता वातावरणाच्या वरच्या थरांत पोहोचते. या क्रियेला आपण अभिसरण म्हणतो. गडगडाटी ढगातील वर चढणारा झोत एक ते काही किलोमीटर रुंदीचा असतो. जाळीचा चौकोन ५० किंवा १०० किलोमीटरचा असेल, तर असा झोत समीकरणांना दिसतच नाही, आणि त्याचा परिणाम अंदाजाच्या सूत्रांनी आत घालावा लागतो. ही सूत्रे अनुभवावर बेतलेली असतात, आणि हवामान बदलाच्या भाकितांमधील अनिश्चिततेचा मोठा वाटा ढगांच्या याच हाताळणीतून येतो. जपानच्या निकाम मॉडेलने २००७ मध्ये अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर सुमारे ७ किलोमीटरच्या जाळीने मॅडन-ज्युलियन आंदोलनाची एक घटना वास्तवाशी जुळेल अशी उभी केली. विषुववृत्ताजवळ पूर्वेकडे सरकत जाणारी ही प्रचंड ढगमाला ढोबळ मॉडेलांना कित्येक वर्षे चकवत आली होती. ढग प्रत्यक्ष सोडवले की मोठ्या प्रमाणावरील वर्तनही सुधारते, याचा तो ठोस पुरावा होता.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो, कारण जाहिरातीच्या चित्रांमध्ये ती नसते. जाळी एक किलोमीटरची असली म्हणजे मॉडेलला एक किलोमीटरची वस्तू दिसते असे नाही. कोणतीही लाट विश्वासाने सोडवायची तर तिच्या लांबीत जाळीचे साधारण सहा ते आठ बिंदू यावे लागतात. म्हणून एक किलोमीटरची जाळी खऱ्या अर्थाने सहा-आठ किलोमीटरच्या रचना पाहते, आणि समुद्रावरील उथळ, सपाट ढगांचे थर तिच्याही नजरेतून निसटतात. त्यांना काही दहा मीटरांची जाळी लागते. तरीही शंभरावरून एकावर येणे हा गुणात्मक बदल आहे, यात मला शंका नाही.

आता हिशेब. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. एक किलोमीटरच्या जाळीत हवेचे ५१ कोटी उभे स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभाचे १०० थर धरले तर ५,१०० कोटी पेट्या होतात. तापमान, वारा, बाष्प यांपैकी एकाच राशीसाठी, प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले, तरी सुमारे २०० गिगाबाइट लागतात. एवढ्यानेच खर्च संपत नाही. जाळी निम्मी केली की आडव्या दिशांनी पेट्या चौपट होतात, आणि काळाची पायरीही निम्मी करावी लागते. कारण एका पायरीत हवा किंवा लाट एका पेटीहून फार पुढे गेली तर गणित कोसळते. कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये मांडलेली ही अट आजही आमच्यावर राज्य करते. म्हणून जाळी निम्मी म्हणजे खर्च आठपट, आणि १०० किलोमीटरवरून एक किलोमीटरवर येणे म्हणजे दहा लाखपट. उभे थर वाढवले तर त्याहूनही अधिक.

दहा लाखपट हा आकडा ऐकून वाटते की दहा लाखपट प्रोसेसर जोडले की झाले. जागेच्या बाबतीत ते काही प्रमाणात खरेही आहे, कारण पृथ्वीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्रोसेसरांना वाटता येतात. काळाचे तुकडे मात्र तसे वाटता येत नाहीत. समजा पायरी १० सेकंदांची आहे. एका वर्षात अशा ३१ लाखांहून अधिक पायऱ्या येतात. हवामान बदलाच्या कामासाठी मॉडेलने एका दिवसात किमान एक वर्ष पुढे जावे, ही आमच्या क्षेत्रातील नेहमीची अपेक्षा आहे. त्याखाली गेल्यास तीस वर्षांच्या भाकितासाठी महिनोन् महिने थांबावे लागते. या अपेक्षेप्रमाणे एका पायरीला मिळतात फक्त २७ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात ५,१०० कोटी पेट्यांमधील वारा, दाब, बाष्प, ढग, विकिरण आणि घर्षण यांची गणना व्हायला हवी, शेजाऱ्यांशी देवाणघेवाण व्हायला हवी आणि सर्वांनी एकत्र पुढच्या पायरीवर पाऊल टाकायला हवे.

आतापर्यंतची मजल याच मापाने पाहिली तर चित्र स्पष्ट होते. १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक संगणकावर ७३६ किलोमीटर अंतराच्या जाळीने चोवीस तासांचा अंदाज काढला, आणि त्याला साधारण चोवीस तासच लागले. म्हणजे संगणक वातावरणाच्या जेमतेम बरोबरीने धावत होता. २०१३ मध्ये जपानच्या के महासंगणकावर निकामने ८७० मीटरची जागतिक जाळी वापरली, पण अवघ्या काही तासांच्या हवामानासाठी. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या पित्झ डाइंट यंत्रावर ४,८८८ जीपीयू (एकाच वेळी हजारो समांतर गणना करणारे प्रोसेसर) वापरून कॉस्मो मॉडेलने जवळजवळ सर्व पृथ्वीवर ९३० मीटरची जाळी चालवली. वेग होता दिवसाला ०.०४३ वर्षे, म्हणजे सुमारे १६ दिवस. २०२३ मध्ये स्क्रीम या मॉडेलने अमेरिकेच्या फ्रंटियर महासंगणकावर ३.२५ किलोमीटरच्या जाळीने दिवसाला १.२६ वर्षांचा वेग गाठला आणि हवामान गणनेसाठीचे पहिले गॉर्डन बेल पारितोषिक मिळवले. २०२५ मध्ये आयकॉन मॉडेलने जर्मनीतील ज्युपिटर यंत्रावर २०,४८० सुपरचिप (जीपीयू आणि सीपीयू हा सर्वसाधारण प्रोसेसर एकत्र असलेल्या चिप) वापरून वातावरण, जमीन, समुद्र आणि कार्बनचक्र यांसह १.२५ किलोमीटरच्या जाळीने दिवसाला १४५.७ दिवस गाठले. मला या शेवटच्या कामाचे विशेष कौतुक वाटते, कारण त्यात पृथ्वीच्या यंत्रणेचे महत्त्वाचे भाग एकत्र होते, आणि वातावरण जीपीयूवर चालत असताना समुद्र त्याच चिपमधील सीपीयूवर चालवण्याची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. तरीही लक्षात घ्यावे की तो वेग वर्षाच्या चाळीस टक्के इतकाच आहे, आणि त्यासाठी एक अवाढव्य यंत्र जवळजवळ संपूर्ण अडवावे लागले.

मग एक्झाफ्लॉप जातात कुठे? हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिचे नाव लिनपॅक. त्या चाचणीत एकदा मेमरीतून आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरला जातो. हवामानाच्या मॉडेलमध्ये आकडा आणावा, त्यावर दोन-चार क्रिया कराव्यात आणि परत ठेवावा, असा प्रकार असतो. प्रोसेसर बहुतेक वेळ मेमरीची वाट पाहत बसलेला असतो. आमच्या कामाच्या अधिक जवळची एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आहे. जपानच्या फुगाकू महासंगणकाने लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे एक्झाफ्लॉपचा हजारावा भाग) दाखवले, तर एचपीसीजीमध्ये १६. फ्रंटियरने लिनपॅकमध्ये एक्झाफ्लॉपची सीमा ओलांडली, एचपीसीजीमध्ये मात्र सुमारे १४ पेटाफ्लॉप. म्हणजे एक टक्का ते साडेतीन टक्के. यात कोडची ढिलाई नाही. गेल्या काही दशकांत आकडेमोडीचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढला, त्याचा हा परिणाम आहे. म्हणून नव्या यंत्राची घोषणा झाली की मी आधी एकूण मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून आकडे वाहण्याचा वेग, पाहतो आणि फ्लॉप नंतर.

मेमरीवरचा भार हलका करण्याचा एक मार्ग म्हणजे आकड्यांची अचूकता कमी करणे. आठ बाइटऐवजी चार बाइटचा आकडा वापरला तर तेवढ्याच वेळात दुप्पट आकडे वाहून नेता येतात. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने मे २०२१ मध्ये आपले नियमित अंदाज एकेरी (चार बाइटच्या) अचूकतेवर आणले, आणि वाचलेल्या वेळातून समूह अंदाजाचे (अनेक समांतर अंदाजांच्या संचाचे) उभे थर ९१ वरून १३७ केले. माझ्या मते अलीकडच्या काळातील हा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार होता. पण त्यात खाचखळगे आहेत, आणि त्यांपैकी एकात मी स्वतः कित्येक दिवस अडकलो होतो. जमिनीच्या खोल थराचे तापमान काही केल्या बदलत नव्हते. कारण शोधल्यावर साधे निघाले: २९० केल्विनच्या आसपास एकेरी अचूकतेत दोन शेजारच्या आकड्यांमधील अंतर सुमारे ०.००००३ अंश असते. थर दिवसाला ०.१ अंशाने तापत असेल आणि पायरी १० सेकंदांची असेल, तर एका पायरीतील वाढ ०.००००१२ अंश येते. ती त्या अंतराच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे बेरीज करताना दरवेळी पूर्णांकनात नाहीशी होते. थर अनंत काळ तापवला तरी तापत नाही! जाळी बारीक केली की पायरी लहान होते, आणि पायरी लहान झाली की हा दोष वाढतो. त्यामुळे अशा संथ राशी दुहेरी (आठ बाइटच्या) अचूकतेत ठेवाव्या लागतात, आणि कोणत्या राशी संथ आहेत हे संगणकतज्ज्ञाला नव्हे, मातीचे भौतिकशास्त्र जाणणाऱ्याला ठाऊक असते. पृथ्वी सूर्याकडून चौरस मीटरमागे सुमारे २४० वॅट शोषते आणि सध्याचा असमतोल सुमारे एक वॅटचा आहे. संपूर्ण हवामान बदल त्या एका वॅटमध्ये सामावलेला असताना गणनेत अर्धा वॅट हरवणे परवडत नाही.

नोडांमधील देवाणघेवाण हा याच अडचणीचा दुसरा चेहरा आहे. ५१ कोटी स्तंभ २०,००० जीपीयूंना वाटले तर प्रत्येकाला सुमारे २५,५०० येतात, म्हणजे साधारण १६० किलोमीटर लांब-रुंद तुकडा. जीपीयूला पूर्ण वेळ गुंतवून ठेवायला एकाच वेळी हजारो समांतर कामे लागतात. तुकडा आणखी लहान केला तर त्याच्याकडे कामच कमी उरते आणि तो रिकामा बसतो. शिवाय तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड त्याच्या पोटापेक्षा मोठी, आणि कडेचे आकडे दर पायरीला शेजाऱ्याकडून यावे लागतात. जास्त यंत्रे जोडल्याने वेग वाढेनासा होतो तो येथे. त्यात काम सारखे वाटलेलेही नसते: पृथ्वीच्या निम्म्या भागावर ऊन असते आणि सौर विकिरणाची गणना तिथेच करावी लागते, कुठे वादळ असते तर कुठे निरभ्र आकाश. सर्वांत मंद तुकड्यासाठी बाकी सगळे थांबतात.

कोडविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण याची किंमत बाहेरच्यांना दिसत नाही. बहुतेक प्रमुख मॉडेले फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली आहेत, काही दहा लाख ओळींच्या घरातली, आणि त्यांत तीन-चार पिढ्यांच्या शास्त्रज्ञांचे ज्ञान साठलेले आहे. ती सीपीयूसाठी लिहिली गेली. आजच्या मोठ्या यंत्रांची ताकद जीपीयूमध्ये आहे, आणि त्यातही वेगवेगळ्या कंपन्यांच्या जीपीयूंसाठी वेगवेगळ्या पद्धतीने लिहावे लागते. यावर दोन वाटा आहेत. जुन्या कोडमध्ये, कोणता भाग जीपीयूवर चालवायचा हे सांगणाऱ्या, ओपनएसीसीसारख्या सूचना पेरत जायचे, किंवा संपूर्ण कोड नव्याने लिहायचा. स्क्रीमच्या गटाने दुसरी वाट धरली आणि सी प्लस प्लस ही भाषा व कोकोस हे एकच कोड वेगवेगळ्या यंत्रांवर चालवू देणारे साधन वापरून मॉडेल पुन्हा लिहिले. तिसरी एक मधली वाट आहे: शास्त्रज्ञाने समीकरण उच्च पातळीवर लिहायचे आणि विशिष्ट यंत्रासाठीचा कोड साधनाने तयार करायचा. मला ही वाट सर्वांत टिकाऊ वाटते, कारण यंत्र पाच-सहा वर्षांत बदलते आणि मॉडेल तीस-चाळीस वर्षे जगते. पण नवा कोड बरोबर आहे हे ठरवायचे कसे? वातावरण गोंधळी आहे; १९६३ मध्ये हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने दाखवले की सुरुवातीचा अत्यल्प फरकही वाढत जातो. बेरजेचा क्रम बदलला तरी पंधरा दिवसांनंतरचे हवामान वेगळे निघते. म्हणून जुन्या-नव्या कोडचे आकडे जुळवून पाहण्याला अर्थ उरत नाही; अनेक रन करून, म्हणजे मॉडेल अनेकदा चालवून, त्यांची सांख्यिकी तपासावी लागते, आणि ही तपासणीच कधी कधी कोड लिहिण्यापेक्षा जास्त महाग पडते.

याच गोंधळामुळे एकच ट्विन पुरत नाही. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक समांतर अंदाज काढावे लागतात, तेव्हाच ‘शक्यता किती’ या प्रश्नाला उत्तर मिळते. वर उल्लेखिलेले युरोपीय केंद्र जून २०२३ पासून ५० बदललेले आणि एक नियंत्रक असे ५१ अंदाज सुमारे ९ किलोमीटरच्या जाळीवर चालवते. एक किलोमीटरचा एक अंदाज काढायचा की तेवढ्याच खर्चात ढोबळ जाळीचे शेकडो काढायचे, ही निवड दरवेळी करावी लागते. पूर आणि चक्रीवादळांसारख्या निर्णयांसाठी मी समूहाच्या बाजूने झुकतो. एकच देखणे, तपशीलवार आणि चुकीच्या ठिकाणी पडणारे वादळ निर्णय घेणाऱ्याला दिशाभूल करते. समुद्राचा प्रश्न तर आणखी कठीण आहे. खोल समुद्र समतोलात यायला शेकडो ते हजारो वर्षे लागतात. दिवसाला एक वर्ष या वेगाने ५०० वर्षे चालवायची तर सलग ५०० दिवस यंत्र हवे. त्यामुळे बारीक जाळीच्या ट्विनमधील समुद्र बहुधा पूर्ण स्थिरावलेला नसतो, आणि त्याचे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आता निरीक्षणे. ट्विनला ट्विनपण देणारा हा भाग असूनही त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. उपग्रह, विमाने, जहाजे, फुगे आणि तरंगती उपकरणे यांच्याकडून रोज कोट्यवधी मोजमापे येतात. त्यांतली बरीचशी हवेचे तापमान थेट सांगत नाहीत. उपग्रह विकिरण मोजतो, आणि कोणत्या तापमान-बाष्पामुळे ते विकिरण आले असेल हे उलट शोधावे लागते. प्रचलित पद्धतीत, जिला चतुर्मितीय व्हेरिएशनल असिमिलेशन म्हणतात, मॉडेल सहा किंवा बारा तासांच्या खिडकीत पुढे चालवायचे, निरीक्षणांशी फरक काढायचा, मग मॉडेलचे उलटे रूप काळात मागे चालवून सुरुवातीची स्थिती सुधारायची, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा करायचे. पुढे-मागे धावणारी ही चक्रे एकापाठोपाठच करता येतात, म्हणून ती मोठ्या यंत्रांवर चांगली पसरत नाहीत. शिवाय उलट रूपाचा कोड स्वतंत्रपणे लिहावा आणि सांभाळावा लागतो. त्यामुळे सुधारणेचे आतले चक्र नेहमी ढोबळ जाळीवर चालते. एक किलोमीटरवर आणखी एक मूलभूत अडचण येते: एवढ्या बारकाव्याने हवेच्या आतील स्थिती सांगणारी निरीक्षणे पृथ्वीच्या बहुतांश भागावर नाहीतच. गडगडाटी ढग तासाभरात जन्मून संपतो, आणि तोपर्यंत खिडकी मिटलेलीही नसते. माझ्या मते ट्विनची खरी परीक्षा येथे आहे, आणि जाळीच्या आकड्यांच्या स्पर्धेत या कामाला मिळायला हवे तेवढे मनुष्यबळ मिळत नाही.

वीज आणि बिघाड यांचा केवळ उल्लेख करतो. एक्झाफ्लॉप यंत्र २० मेगावॅटच्या आसपास वीज खाते. असे पूर्ण यंत्र वापरून दिवसाला एक वर्ष गाठले असे मानले, तर तीस वर्षांच्या एका रनला तीस दिवस, म्हणजे सुमारे १ कोटी ४४ लाख युनिट लागतील. असे पन्नास रन म्हणजे ७२ कोटी युनिट. आणि लाखो घटकांच्या यंत्रात काही ना काही वारंवार बंद पडतेच, म्हणून संपूर्ण स्थिती ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवून ठेवावी लागते. प्रत्येक वेळी कित्येक टेराबाइट, आणि तो सगळा वेळ गणना थांबलेली.

डिस्क म्हटली की माहितीच्या महापुराकडे यावे लागते. वरचाच हिशेब पुढे नेऊ. एक राशी २०० गिगाबाइट. दहा राशी दर तासाला साठवल्या तर तासाला दोन टेराबाइट, वर्षाला सुमारे १८ पेटाबाइट आणि तीस वर्षांना ५०० पेटाबाइटहून अधिक. हे झाले एका रनचे. दाबून निम्मे-पाव केले तरी असे अनेक रन साठवणे अशक्य, आणि साठवले तरी ते वाचणार कोण? मोठ्या फायली उतरवून घेऊन आपल्या संगणकावर अभ्यास करण्याची जुनी पद्धत येथे संपते. डेस्टिनेशन अर्थमध्ये म्हणूनच वेगळी दिशा घेतली गेली: मॉडेल चालू असतानाच त्यातून वाहणाऱ्या आकड्यांवर पूर, पवनऊर्जा किंवा शहरातील उष्णता यांसाठीचे अनुप्रयोग काम करतात, आणि हवामान बदलाच्या ट्विनमधील सर्व मॉडेले आपले निष्कर्ष हीलपिक्स या समान क्षेत्रफळाच्या एकाच जाळीवर देतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक मॉडेलची वेगळी भाषा शिकावी लागत नाही. याची किंमत अशी की काय हवे ते रनच्या आधी सांगावे लागते. नंतर सुचलेल्या प्रश्नासाठी आकडे उरलेले नसतात, आणि रन पुन्हा करणे हाच उपाय राहतो.

शेवटी कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ पासून फोरकास्टनेट, पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवामान मॉडेलांनी दाखवलेली प्रगती खरी आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. ग्राफकास्ट एकाच प्रवेगक चिपवर दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत काढते, आणि युरोपीय केंद्राचे एआयएफएस हे मॉडेल २५ फेब्रुवारी २०२५ पासून नियमित सेवेत आहे. पण ही मॉडेले मुख्यत्वे इरा-५ या पुनर्विश्लेषणावर, म्हणजे मागील दशकांच्या हवामानाच्या पुन्हा उभ्या केलेल्या नोंदीवर, शिकली आहेत, ज्याची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची आहे आणि जे स्वतः भौतिक मॉडेल व निरीक्षणे यांच्या मिलाफातून तयार झाले. त्यांना सुरुवातीची स्थिती आजही बहुधा त्याच पारंपरिक असिमिलेशनमधून मिळते. सरासरी चूक कमी करण्याचे शिक्षण घेतल्यामुळे त्यांतली अनेक लांब पल्ल्यावर बारीक रचना पुसट करतात. आणि दोन अंशांनी तापलेल्या पृथ्वीवरचे हवामान त्यांनी पाहिलेलेच नाही, कारण ते अजून घडलेले नाही.

त्यामुळे मला ती भौतिक ट्विनची जागा घेणारी वाटत नाहीत, त्याची भागीदार वाटतात: बारीक जाळीचे भौतिक मॉडेल थोडे पण खात्रीचे रन करील, आणि त्यावर शिकलेले वेगवान मॉडेल त्यातून हजारो शक्यता उभ्या करील. या भागीदारीने रनमधून काय साठवायचे याचा क्रमही बदलतो. पूर्वी आम्ही दशकांच्या दैनिक सरासऱ्या जपत होतो. आता मला पर्याय मिळाला, तर वेगवेगळ्या तापमानाच्या पृथ्वींचे काही मोजके महिने निवडून त्यांतील हवेचा उभा वेग, बाष्प आणि विकिरण दर पंधरा मिनिटांनी पूर्ण बारकाव्याने साठवण्याचा आग्रह मी धरीन. ढग कसा जन्मतो हे त्या आकड्यांतच असते, आणि सरासरी काढली की तेच आधी पुसले जाते.